करवतकाठी साडी

विदर्भात हातमागावर विणली जाणारी, टसर रेशमाचे अंग व वेगळ्या रंगाचे भरीव सुती काठ असलेली पारंपरिक साडी. काठ आणि अंग जेथे एकमेकांस मिळतात, तेथे करवतीच्या दातांसारखी त्रिकोणांची ओळ असते. त्यावरून तिला करवतकाठी किंवा नुसते ‘करवती’ हे नाव पडले. नागपूर शहर, त्या जिल्ह्यातील उमरेड आणि भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव, पवनी इ. गावे या विणकामाची परंपरागत केंद्रे होत. कोष्टी व हलबा कोष्टी समाजांतील कुटुंबांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली.

कच्चा माल : साडीच्या अंगासाठी टसर रेशीम वापरतात. त्याचे किडे घरात न वाढविता जंगलातील ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढवितात. भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांत हे काम मुख्यतः ढिवर समाजाकडे असून, पाखरे व मुंग्या यांपासून किड्यांची राखण करण्यासाठी पालकांना झाडांपाशीच दिवस काढावे लागतात. कोश उकळून काढलेला धागा नैसर्गिक मधाळ किंवा फिकट तपकिरी रंगाचा असतो. तो तुतीच्या रेशमासारखा एकसारखा नसतो व त्यावर रंगही समान बसत नाही. त्यामुळे अंग पुष्कळदा मूळ रंगाचेच ठेवतात आणि रंगाची हौस काठात भागवितात. जमिनीला व पायांना घासला जाणारा काठ टिकाऊ व्हावा म्हणून त्यासाठी सूत, आणि अलीकडे दाहक सोड्याची प्रक्रिया करून तकाकी आणलेले सूत, वापरले जाते. 

विणकाम : या साडीचे सारे वैशिष्ट्य काठाच्या सांध्यात आहे. सामान्य कापडात एकच बाणा पूर्ण पन्ह्यातून आरपार जातो; त्यामुळे काठाचा ताणा निराळ्या रंगाचा असला, तरी अंगाचा बाणा त्यात मिसळून काठाचा रंग फिका पडतो. करवतकाठीत तीन धोटे चालवितात : एक अंगासाठी व दोन दोन काठांसाठी. काठाचा धोटा काठाच्या रुंदीपुरताच जाऊन परत फिरतो आणि परतताना त्याचा धागा अंगाच्या बाण्यात अडकविला जातो. काठात ताणा व बाणा दोन्ही एकाच रंगाचे असल्याने तो भरीव दिसतो. काठाचा बाणा दर फेरीस अंगाच्या ताण्यात थोडा पुढे नेऊन पुन्हा क्रमाने मागे घेतला, की करवतीचा एक दात तयार होतो. सूत व टसर यांचा ताण सारखा राखला नाही, तर सांध्यापाशी कापड आवळते; फेरी मोजण्यात चूक झाली, तर दातांची ओळ मोडते. म्हणून एका मागावर विणकराबरोबर मदतनीसही लागतो व तो बहुधा घरातीलच असतो.

बाण्यांची अशी गुंफण इतरत्रही आढळते. महाराष्ट्रातील पैठणी व कांचीपुरमची रेशमी साडी ही तिची प्रसिद्ध भारतीय उदाहरणे होत. इराण व तुर्कस्तान येथील किलीम या विणलेल्या सतरंजीतही निरनिराळे बाणे आपापल्या क्षेत्रातूनच परत फिरतात. मात्र बहुतेक किलिमांत ते परस्परांत न अडकविल्याने रंगांच्या सीमेवर उभ्या फटी राहतात. नेसावयाच्या वस्त्रात अशी फट चालत नाही.

इतिहास व सद्यःस्थिती : अठराव्या शतकात नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाल्यावर तलम लुगडी, धोतरे व पागोटी यांना राजाश्रय आणि सरदार घराण्यांची मागणी लाभली. रेशीम सोवळ्यात चालत असल्याने टसरचे वस्त्र पूजाअर्चेत व लग्नकार्यात वापरले जाई. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्यांच्या स्वस्त कापडाने साध्या हातमाग-कापडाची बाजारपेठ हिरावून घेतली. हातमागावर गिरणीचे सूत आले. तीन धोट्यांचा काठ मात्र गिरणीस किफायतशीर नसल्याने तो हातमागाकडेच राहिला.

पुढे गिरण्याच बंद पडल्या. परंतु त्यामुळे विणकराची स्थिती सुधारली नाही. ज्या सांध्यामुळे ही साडी टिकली, त्याच सांध्याने तिचे विणकाम संथ व महाग केले आहे. यंत्रमागावर केवळ दातांचे चित्र उठविलेली नक्कल थोड्या वेळात तयार होते. मदतनिसाच्या श्रमाचे मोल साडीच्या किमतीत क्वचितच धरले जाते, म्हणून नवी पिढी अन्य व्यवसायांकडे वळते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या, नागपूर येथील महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाने विणकरांना सूत पुरविण्याचे व मालाची विक्री करण्याचे कार्य केले. काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये संमत झाला. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली करवतकाठी साडी व वस्त्रे यांची नोंदणी झाली आहे. तथापि नोंदणीने नाव सुरक्षित होते, मजुरी वाढत नाही. ग्राहकाला खरी साडी ओळखता येणे हेच तिचे मोठे संरक्षण होय. खऱ्या साडीच्या काठात अंगाचा बाणा शिरलेला नसतो, आणि पदर उलटून सांधा पाहिल्यास दोन रंगांचे धागे प्रत्येक फेरीस एकमेकांत अडकलेले दिसतात.