जाळीपलीकडचा पक्षी



कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाने पक्ष्यांच्या छायाचित्रणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा छंद रविवारच्या सुट्टीने शिकवला, आणि ती सुट्टी कामगारांना कोणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. गिरणगावातील कुटुंबे ती सुट्टी जिथे घालवीत, त्यांपैकी एक जागा म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली खुली झालेली ही बाग गिरण्यांचे भोंगे थांबल्यावरही गजबजलेली आहे. सुट्टी मिळवणे हा पहिला प्रश्न होता. त्या सुट्टीत डोळे उघडे ठेवून कसे पाहावे, हा दुसरा. आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे सांगतो.

प्रथम साधनाचा विचार करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स साधारण समजली जाते. २०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स लावली, तर त्याच जागेवरून पक्षी चौपट मोठा दिसतो. उलट दृश्याचा आवाका तेवढाच आक्रसतो. जुन्या काळच्या, हाताने फिरवून फोकस करायच्या अशा लेन्स आजही जुन्या बाजारात परवडणाऱ्या किमतीत मिळतात, आणि योग्य ते जोडकडे घेतले की नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात. आपोआप फोकस करणारी यंत्रे असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पक्षिगृहाच्या जाळीत आहे. यंत्राला जवळची वस्तू आधी दिसते; म्हणून ते पुष्कळदा पक्ष्याऐवजी जाळीवर फोकस करते. हाताने कडे फिरवणाऱ्या माणसाला मात्र आपल्याला काय पाहायचे आहे हे ठाऊक असते.

आता जाळी नाहीशी कशी होते ते पाहू. लेन्समध्ये लहानमोठे होणारे एक छिद्र असते, त्याला अॅपर्चर म्हणतात. त्याचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/४ हा आकडा लावला, तर २०० भागिले ४, म्हणजे ५० मिलिमीटर रुंदीचे दार उघडते. एवढ्या दारासमोर दोन मिलिमीटर जाडीची तार आडवी आली, तर ती थोडासाच प्रकाश अडवते. पक्ष्याकडून येणारे बाकीचे किरण तिच्या दोन्ही बाजूंनी आत शिरतात. तार इतकी अस्पष्ट होते, की चित्रात तिचा मागमूस राहत नाही. हेच छिद्र एफ/१६ पर्यंत आवळले, तर दार साडेबारा मिलिमीटरचे उरते, आणि जाळी पुन्हा उमटू लागते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. कठड्याची मर्यादा पाळून जमेल तितके जाळीच्या जवळ उभे राहावे. पक्षी जाळीपासून दूर, मागच्या फांदीवर जाईपर्यंत थांबावे. याशिवाय, जाळीवर ऊन पडले असेल तर तारा चकाकतात आणि सगळ्या चित्रावर धुरकट पडदा येतो. तेव्हा जाळीचा सावलीतला भाग निवडावा.

परंतु या उघड्या दाराची किंमतही द्यावी लागते. पाच मीटरवरच्या पक्ष्यावर एफ/४ ने फोकस केला, तर पुढेमागे मिळून सुमारे १५ सेंटिमीटर एवढाच पट्टा रेखीव येतो. मोठ्या बलाकाची चोच स्पष्ट आली, तर शेपूट अस्पष्ट होणारच. अशा वेळी नेम डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट असला की पाहणारा बाकीचे माफ करतो. पक्षी चंचल असेल तर त्याचा पाठलाग करू नये. तो ज्या फांदीवर वारंवार येऊन बसतो, तिच्यावर आधीच फोकस करून ठेवावा आणि वाट पाहावी. पक्ष्याला सवयी असतात. त्या ओळखायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात छायाचित्राहून मोलाचे काही हाती लागते.

शटरचा हिशेब सोपा आहे. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप चित्रात मोठा होतो. म्हणून २०० मिलिमीटरला निदान १/२५० सेकंदाचा वेग ठेवावा आणि कोपर छातीशी टेकवावे. कडक उन्हात, आयएसओ १०० असता, एफ/४ ला १/१६०० सेकंद मिळतो. झाडांच्या सावलीत तो १/२०० किंवा १/१०० पर्यंत उतरतो. मग आयएसओ ४०० करावा, म्हणजे वेग चौपट होतो.

२०१६ साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन काचेपलीकडे आहेत. तिथे लेन्सचे तोंड काचेच्या समोर सरळ व जवळ धरावे, नाहीतर आपलेच प्रतिबिंब उमटते. फ्लॅश मुळीच वापरू नये. काचेवरून तो परत येतोच. शिवाय पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या त्या पाखराचे डोळे आपल्या हौसेसाठी दिपवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. जाळी चित्रातून गेली, म्हणजे पक्ष्यासमोरून गेली असे नाही. कारखान्यांच्या चकचकीत अहवालांत यंत्रे झळकतात, माणसाचा घाम दिसत नाही. तेही छायाचित्रच असते, आणि खोटे कशाला म्हणावे हे बोट ठेवून दाखवता येत नाही. आपले चित्र त्या जातीचे होऊ नये. म्हणून खाली स्थळ लिहावे: राणीची बाग, पक्षिगृह. आणि एक तरी चित्र छिद्र आवळून, जाळीसकट घ्यावे. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला संप करता येत नाही, अर्ज देता येत नाही. तो पिसे उपटतो का, एकाच रेषेत येरझारा घालतो का, त्याला पंख पसरायला जागा आहे का, हे लेन्समधून बारकाईने पाहणाऱ्याला दिसते. दिसले तर ते सांगणे हे आपले काम आहे. त्याचबरोबर पहाटे येऊन पिंजरा धुणारा, दाणापाणी करणारा कामगार विसरू नये. पक्ष्याचे तेजस्वी पीस हे त्याच्याही श्रमाचे फळ असते.

लेन्स घेतलीच आहे, तर पिंजऱ्याबाहेरही वळवावी. याच बागेतल्या जुन्या झाडांवर घारी, पोपट, तांबट, बगळे आपल्या मर्जीने येतात आणि जातात. त्यांचे चित्र मिळणे अधिक अवघड आहे, कारण त्यांना आपल्यासमोर बसण्याची सक्ती नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. मुक्त असणे म्हणजे काय, हे सांगायला मग वेगळ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.