उसनी गेलेली आठशे पुस्तकं

तुर्कू या नावाचा मूळ अर्थ बाजारपेठ. औरा नदीच्या काठी व्यापारी जमत, सौदे होत, आणि पेठेचंच नाव गावाला पडलं. स्वीडिश भाषक याच शहराला ओबो म्हणतात. रस्त्यांच्या पाट्या आजही दोन्ही भाषांत असतात. फिनलंडमधलं हे सर्वांत जुनं शहर हेलसिंकीहून रेल्वेनं साधारण दोन तासांवर आहे. उन्हाळी अभ्यासक्रमासाठी इथे जाणाऱ्या विद्यार्थ्यानं बॅग भरण्याआधी शहराची गोष्ट ऐकावी, कारण ती शिक्षणाचीच गोष्ट आहे.

नदीकाठचं कॅथेड्रल १३०० साली प्रतिष्ठापित झालं. त्याच्या शाळेत शिकवणाऱ्या मिकाएल आग्रिकोला यानं १५४३च्या सुमारास फिनिश भाषेतलं पहिलं पुस्तक छापून घेतलं. ते पुस्तक म्हणजे अंकलिपी! पुढे हाच शिक्षक तुर्कूचा बिशप झाला. १६४० साली स्वीडनच्या राज्यात उप्साला आणि तार्तूनंतरचं तिसरं विद्यापीठ इथे उभं राहिलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य पेर काल्म उत्तर अमेरिकेतल्या वनस्पतींचा अभ्यास करून आला आणि इथेच शिकवत राहिला. १७९४ साली इथल्याच रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांनी एका काळ्या, जड दगडातून तोवर अज्ञात असलेला पदार्थ वेगळा केला. एमआरआय तपासणीत वापरल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमला त्यांचंच नाव आहे.

१८०९ साली फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला आणि १८१२ साली झारनं राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला हलवली. तुर्कूकडे विद्यापीठ तेवढं उरलं. तेही टिकायचं नव्हतं. ४ सप्टेंबर १८२७च्या संध्याकाळी एका घरात आग लागली. घरं लाकडी, गल्ल्या अरुंद, त्यात वारा. दुसऱ्या दिवसापर्यंत शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जळून गेला. २७ माणसं दगावली, सुमारे ११,००० बेघर झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुमारे ४०,००० ग्रंथ होते. वाचले ते जेमतेम ८००, आणि तेही वाचकांनी घरी नेलेले होते म्हणून.

पुढच्याच वर्षी विद्यापीठ हेलसिंकीला गेलं. जवळपास ९० वर्षं तुर्कूत विद्यापीठ नव्हतं. मग १९१८ साली स्वीडिश भाषेतलं ओबो अकादमी आणि १९२० साली फिनिश भाषेतलं तुर्कू विद्यापीठ स्थापन झालं. दुसऱ्यासाठी २२,०४० लोकांनी वर्गणी दिली. मुक्त जनतेनं मुक्त ज्ञानाला दिलेली ही भेट, अशा अर्थाचं या विद्यापीठाचं ब्रीद आहे.

अशा शहरात दोन-तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम करायचा, तर काही गोष्टी ठाऊक असाव्यात. क्रेडिट कमी वाटले तरी फसू नये. फिनलंडमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण २७ तासांचं काम, आणि त्यातलं बरंचसं वर्गाबाहेर, वाचनात आणि लेखनात. वेळापत्रकात दहा लिहिलं असेल, तर व्याख्यान बहुधा सव्वादहाला सुरू होतं. या पाव तासाची विद्यापीठांतली परंपरा जुनी आहे. प्राध्यापकांना नावानं हाक मारतात. सर, मॅडम म्हणायची सवय असलेल्या जिभेला ते पहिल्या दिवशी जड जातं. प्रश्न विचारल्यावर वर्गात शांतता पसरली तर घाबरू नये. तिथे विचार करायला घेतलेला वेळ कुणाला खटकत नाही.

९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा. जूनअखेर सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री अकराच्या आसपास मावळतो, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ ठेवावी. उन्हाळा असला तरी स्वेटर आणि पावसाळी जाकीट हवंच. २० ते २६ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी युहान्नुस हा मध्यग्रीष्माचा सण असतो. तेव्हा लोक तळ्याकाठच्या घरांकडे निघून जातात आणि बरीच दुकानं बंद राहतात. आदल्या दिवसांतच किराणा भरून ठेवलेला बरा.

दुपारी मोकळा वेळ मिळाला की बाजारचौकात जावं. स्ट्रॉबेरी आणि मटाराच्या शेंगा तिथे लिटरच्या मापानं विकतात. शेंगा सोलत, कच्चे दाणे खात लोक नदीकाठी फिरतात. आपल्याही शेतावर हेच करतात, त्यामुळे परकं वाटत नाही. फोरी नावाची छोटी नाव १९०४ पासून माणसांना आणि सायकलींना फुकट पैलतीरी नेते. आगीतून वाचलेली लाकडी घरं पाहायची तर लुओस्तारिनमाकी टेकडीवर जावं. ती वस्ती आता हस्तकलांचं संग्रहालय झाली आहे. खालच्या शहरात मात्र रस्ते रुंद आणि सरळ आहेत. पुन्हा आग पसरू नये म्हणून वास्तुविशारद कार्ल लुडविग एंगेल यांनी आगीनंतर ते तसे आखले.

दुसऱ्याच्या हाती गेलेलं पुस्तक परत येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि कपाटाला कुलूप लावतो. तुर्कूत उलटं घडलं. कपाटातली पुस्तकं गेली, दुसऱ्यांच्या हाती गेलेली तेवढी राहिली. म्हणून उन्हाळी वर्गाला जाताना आपला अर्धवट प्रबंध, आपली टिपणं, आपल्या गावचे प्रश्न सोबत न्यावेत आणि शेजारी बसलेल्या अनोळखी विद्यार्थ्याच्या हाती निःसंकोच द्यावेत. त्याचेही मागून घ्यावेत.