मोठ्या माणसांना शिकवायचं कसं? कोलाडच्या नदीकाठी मिळालेला धडा



तुम्ही म्हणाल, "मला खानावळ काढायचीय, मी काही मास्तर होणार नाही. मग शिकवण्याचा विषय माझ्या काय कामाचा?" जरा थांबा. पहिला मदतनीस ठेवलात की त्याला शिकवणार कोण? तुम्हीच ना! शिवणक्लास, पार्लरचा कोर्स, बचत गटातल्या दहाजणींना एकसारखे पापड लाटायला लावणं, हे सगळं शिकवणंच आहे. आणि समोर बसलेली माणसं शाळकरी पोरं नसतात. संसार केलेली, चार पावसाळे पाहिलेली असतात. पोरांना शिकवतो तसं त्यांना शिकवायला गेलात की फसलात. मी फसलोय, म्हणून सांगतो.

आधी कोलाडच्या नदीवर जाऊ. मुंबई-गोवा हायवेवरचं, रोहा तालुक्यातलं हे गाव. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार करतं आणि पुढे कुंडलिका नदीत येतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्टिंगच्या बोटी निघतात. १२-१४ किलोमीटरचा खळाळता प्रवाह. बोटीत बसणारे बहुतेक जण पहिल्यांदाच वल्हं हातात धरतात. कुणी बँकेत साहेब, कुणी डॉक्टर, कुणी नुकतं लग्न झालेलं जोडपं.

गाइड त्यांना काठावर थोडाच वेळ शिकवतो. तो नदीचा इतिहास सांगत नाही. जॅकेट कसं आवळायचं, वल्हं कसं धरायचं, पुढे मारा, मागे मारा, थांबा, खाली बसा आणि पाण्यात पडलात तर काय करायचं, एवढंच. मग संथ पाण्यात हेच दोन-चार वेळा करून घेतो आणि त्यानंतर खळाळात नेतो. एरवी मीटिंगमध्येही मोबाइल न सोडणारा माणूस इथं कान टवकारून ऐकतो. का? कारण हे आत्ता, थोड्या वेळात, आपल्याच जिवासाठी लागणार आहे हे त्याला कळलेलं असतं.

मोठ्या माणसाच्या शिकण्याचं अर्धं गुपित इथंच आहे. गरज आत्ताची हवी, शिकवायचं थोडंच आणि ते लगेच हातानं करून बघायला मिळायला हवं.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी याच भागात मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. समोर पंधरा-वीस बायका. येणाऱ्या पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या, एखादी खोली भाड्यानं देणाऱ्या. मी तयारीनं गेलो होतो. प्रोजेक्टर, स्लाइड, 'स्थिर खर्च', 'बदलता खर्च', 'नफ्याचं प्रमाण'. दोन तास बोललो. सगळ्या माना हलवत होत्या. मला वाटलं, वा, काय छान चाललंय! जेवणाच्या सुट्टीनंतर निम्म्या जागा रिकाम्या.

उरलेल्यांपैकी एका ताईंनी निघता निघता हळूच विचारलं, "सर, गॅसची टाकी घरातलीच वापरते मी. तिचा हिशेब कसा धरायचा?"

तो प्रश्न माझ्या एकाही स्लाइडमध्ये नव्हता. मी प्रोजेक्टर बंद केला आणि म्हटलं, "ताई, परवाच्या जेवणाचाच हिशेब मांडू या."

२० थाळ्यांची ऑर्डर. थाळी १५० रुपयांना, म्हणजे ३,००० रुपये. सामान १,८०० चं. ताई म्हणाल्या, "बाराशे सुटले की." मग बाकीच्याच बोलू लागल्या. गॅस? धरा १५०. बाजारात जायची-यायची रिक्षा? २००. भांडी घासायला आलेली बाई? ४००. ऐन वेळी दोघं आलेच नाहीत, त्यांच्या थाळ्यांचे पैसे? ३०० गेले. झाले १,०५०. हातात उरले दीडशे. पहाटे पाचपासून राबलेल्या दिवसाचे दीडशे रुपये!

खोलीत शांतता पसरली. ताईंचा चेहरा उतरला होता. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी तर आधी निम्मे पैसे घेतल्याशिवाय चूल पेटवत नाही." दुसरीनं सांगितलं, "आम्ही तिघी मिळून एकाच रिक्षानं बाजार करतो." उत्तरं त्यांच्यातच होती. मी फक्त खडू धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी गेलेल्या बायकाही परत आल्या, आपापल्या चिठ्ठ्या आणि वह्या घेऊन.

ज्ञान रिकाम्या भांड्यात ओतायचं नसतं

याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, साताऱ्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांसोबत बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण अर्जावर सही करण्याऐवजी अंगठे उमटवणाऱ्या बायका होत्या. त्या बायका घरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, मग आम्ही लिहायला-वाचायला शिकतो. दिवसभराच्या कामानंतर त्या शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या, आम्हाला रकमेवरचं व्याज काढायला सांगा, तुमची माणसं कॅल्क्युलेटरशिवाय काढतात का तेही बघू! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे २००६ मध्ये तिथं बायकांसाठी व्यवसायाची शाळाही सुरू झाली.

नीट बघा. त्या बायकांना अक्षर येत नव्हतं, पण हिशेब येत होता. अक्षर त्या शिकल्या ते स्वतःच्या बँकेसाठी. कारण त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून शिक्षण टिकलं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची 'आजीबाईंची शाळा' तुम्ही ऐकली असेल. २०१६ मध्ये सुरू झालेली ही शाळा दुपारी भरायची, कारण सकाळ-संध्याकाळ आज्यांना घरचं काम असायचं. वेळ शाळेच्या सोयीची नाही, शिकणाऱ्याच्या सोयीची.

प्रौढांच्या शिक्षणाचा अभ्यास करणारे अमेरिकेतले माल्कम नोल्स हेच मांडत. मोठा माणूस अनुभव घेऊन येतो, त्याला 'हे मी का शिकू' हे आधी कळायला हवं, विषयापेक्षा त्याला समोरची अडचण सोडवायची असते आणि कुणी आपल्याला लहान मुलासारखं वागवलेलं त्याला चालत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, आधी विचारा. नवीन माणूस आला की "मी सांगतो तसं कर" नको. "तू आधी काय केलंयस? कुठं अडतं?" इथून सुरुवात करा.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट. काउंटरवरच्या मुलाला आज फक्त बिल करायला शिकवा. स्टॉक उद्या.

तिसरं, चारचौघांत चूक काढू नका. लहान मूल चुकलं तर हसून पुन्हा करतं. चाळिशीतली बाई एकदा लाजली की पुन्हा विचारत नाही आणि न विचारता केलेली चूक तुमच्याच खिशाला लागते. बाजूला घ्या, करून दाखवा, करून घ्या.

चौथं, अनुभव आडही येतो. "मी वीस वर्षं असंच मीठ घालते" असं उत्तर येणारच. वाद घालू नका. दोन वाट्या ठेवा, एक त्यांच्या अंदाजाची, एक मोजून घातलेली. चव त्यांनाच घेऊ द्या. स्वतः पाहिलेलं मोठा माणूस मान्य करतो, ऐकवलेलं नाही.

आणि हेच स्वतःलाही लावा. तुम्हीसुद्धा मोठेपणीच शिकताय ना? दहा व्हिडिओ पाहून वही भरली, पण धंद्यात काहीच बदललं नाही, तर तुम्ही काठावर उभं राहून राफ्टिंग शिकताय. माझे व्हिडिओही त्यात आले बरं का! म्हणून पुढचा व्हिडिओ लावण्याआधी एक काम करा. तुमच्या शेवटच्या ऑर्डरचा हिशेब कागदावर मांडा. गॅस, रिक्षा, मदतीची बाई, वाया गेलेला माल आणि तुमची स्वतःची मजुरी, सगळं धरून. आकडा बघून धक्का बसला तर बसू दे. जो प्रश्न तेव्हा मनात येईल, तो घेऊन मगच शिकायला बसा.

आणि हो, त्या गॅसच्या टाकीवाल्या ताईंची थाळी आता १८० रुपयांना आहे. निम्मे पैसे आधी.