तांत्रिक आरेखन : शालेय वयात का आणि कसे?

बांधकामावर एकजण घमेली वाहतो, दुसरा हातातला कागद उलगडून भिंत कोठे उभी राहील ते सांगतो. दोघांच्या श्रमांत उणेअधिक करता येत नाही. मजुरीत मात्र मोठे अंतर असते. ते अंतर पुष्कळदा एकाच कौशल्याचे असते : नकाशा वाचता येणे. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडतात. त्यांच्या मुलामुलींना हे कौशल्य शालेय वयातच देता येते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

या विद्येचा पाया घालणारा गास्पार मोंज (१७४६–१८१८) हा फ्रान्समधील एका सामान्य व्यापाऱ्याचा मुलगा. उच्चकुलीन नसल्यामुळे लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात त्याला अधिकाऱ्यांच्या वर्गात प्रवेश नव्हता. त्याला आरेखनाच्या कामावर ठेवण्यात आले. तेथेच त्याने किल्ल्याच्या तटबंदीचे किचकट गणित केवळ रेषांनी सोडवून दाखविले. ही पद्धत अनेक वर्षे लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये पॅरिसमध्ये त्याने ती उघडपणे शिकविली आणि ती सर्वांची झाली.

पद्धतीचे मर्म सोपे आहे. कोणतीही वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा पाहावी व जे दिसते तेवढेच काढावे. काडेपेटी अर्धवट उघडी ठेवून पहिला धडा देता येतो. भारतात प्रचलित असलेल्या प्रथम कोन पद्धतीनुसार समोरील दृश्याच्या खाली वरून दिसणारे दृश्य आणि उजव्या हाताला डाव्या बाजूचे दृश्य काढतात. दिसणारी कड ठळक सलग रेषेने, झाकलेली कड तुटक रेषेने आणि मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांनी दाखवितात. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांसाठी या नियमांची स्वतंत्र पुस्तिकाच काढली आहे.

पुढची पायरी प्रमाणाची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर असावे लागते. ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद घर १:५० या प्रमाणात वहीवर १० सेंटिमीटरच्या चौरसात मावते. ९० सेंटिमीटरचे दार १८ मिलिमीटरचे होते. घराचा नकाशा म्हणजे खिडकीच्या उंचीवर घर आडवे कापून वरून पाहिलेले रूप, हे एकदा उमगले की आपले घरकुल बरोबर बांधले जात आहे की नाही, हे आठवीतली मुलगीही आईवडिलांना टेप लावून सांगू शकते.

आरेखनाची परीक्षा सौंदर्याने होत नाही. एकाने काढलेला कागद मूळ वस्तू न पाहिलेल्या दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि त्यावरून पुठ्ठ्याची वस्तू करून घ्यावी. वस्तू जुळली नाही तर एखादे माप सुटले आहे किंवा एखादी रेषा चुकली आहे. चूक कोणाची, यावर वाद होत नाही. कागदच ती दाखवितो. निवासी शाळेत मुले सायंकाळीही एकत्र असतात, त्यामुळे हा सराव सहज जमतो.

यासाठी वाटाही आहेत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत कर्तव्यभूमिती असते, इंटरमिजिएटमध्ये घनभूमितीची भर पडते. या विषयांकडे केवळ सवलतीच्या गुणांसाठी पाहू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या शालेय अभ्यासक्रमात मुले प्रत्यक्ष वस्तू घडवीत शिकतात. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, सुतारकाम वा आरेखक यांपैकी कोणताही अभ्यासक्रम घेतला, तरी नकाशावाचन लागतेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी तांत्रिक प्रशिक्षणाच्या सोयी मागितल्या होत्या. अक्षरओळखीबरोबर उत्पादनाच्या साधनांची ओळखही आपल्या मुलांना व्हावी, ही निकड आजही तेवढीच आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे गवंडीकाम, वेल्डिंग किंवा अभियांत्रिकीत आहेत, त्यांनी आपल्या कामाचा एखादा जुना नकाशा घेऊन शाळेत एक तास यावे. पट्टी, गुण्या आणि टोकदार पेन्सिल मुलांपाशी आहेच.