घरासाठी व लहान कार्यालयासाठी राउटरची पारख



बियाण्याच्या पिशवीवर उतारा कितीही छापलेला असो, आपल्या जमिनीत वाण कसा येतो हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी सगळे शेत त्याच्याखाली घालत नाही. वायरलेस राउटरचेही तसेच आहे. पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरचे अनुदान, केळीचे भाव, मुलांचा अभ्यास, कृषी सेवा केंद्राचे बिल, ही सगळी कामे आता या छोट्या पेटीवर चालतात. विम्याची मुदत संपायच्या दिवशी अर्ज अडकला तर नुकसान हंगामाचे होते. म्हणून राउटर पारखून कसा घ्यावा, ते पाहू.

राउटर काय करतो?

घरात येणारी फायबरची लाइन ही विहिरीवरून आलेली मुख्य पाइपलाइन समजा. राउटर त्या पाण्याची वाटणी करतो, पाणी वाढवत नाही. लाइन 40 एमबीपीएसची असेल तर महागातला राउटरही तिचे 100 करणार नाही. दुसरी गोष्ट, 8 बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून 40 एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर 5 एमबीची फाइल उतरते. यात फसवणूक नाही, हिशेबच तसा आहे.

खोक्यावरचा आकडा

'एसी 1200' असे छापलेले असते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे 867 यांची बेरीज करून आकडा पुढे गोल केलेला असतो. दोन्ही आकडे कागदावरची कमाल मर्यादा दाखवतात. मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, म्हणून 1200 कुणाच्याही हाती पडत नाहीत. 2.4 चा पट्टा लांब जातो, भिंतीतूनही बरा जातो, पण त्याच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. 5 चा पट्टा वेगवान, पण पल्ला कमी.

मोठ्या अँटेनाला भुलू नका. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोचला तरी मोबाइलचा क्षीण आवाज राउटरपर्यंत परत पोचावा लागतो.

आपल्या भागातील अडचणी

1. धाब्याच्या घराच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंती लहरी शोषून घेतात. लोखंडी पत्रा तर त्या जवळजवळ अडवतोच.
2. रावेर-यावलकडे घर आणि गोठा यांच्या मध्ये केळीची बाग असते. केळीच्या पानात व खोडात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी खाते. रोपे लहान असताना मिळणारी रेंज बाग वाढल्यावर मिळेलच असे नाही.
3. बहुतेक घरगुती राउटर 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या आसपास जातो, पत्र्याखाली तर आणखी. राउटर पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये. थंड खोलीत, मोकळ्या जागी, डोक्याएवढ्या उंचीवर लावावा.
4. वीज गेली की सगळेच बंद. लहान यूपीएस घेताना व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. कंपनीने बसवलेली फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही यूपीएस लागतो, हे बरेच जण विसरतात.

चाचणी कशी घ्यावी?

वही घ्या. इतर मोबाइल, टीव्ही, कॅमेरे थोडा वेळ बंद ठेवा.

पहिली पायरी : संगणक वायरने राउटरला जोडून वेग मोजा. सकाळी 7, दुपारी 2 व रात्री 9 वाजता प्रत्येकी तीनदा मोजून मधला आकडा लिहा. प्रात्यक्षिकातला हा आपला तुलनेचा वाफा.

दुसरी पायरी : त्याच वेळी, एकाच मोबाइलवर, पाच ठिकाणी मोजा : राउटरपासून 6 फुटांवर, शेजारच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, ओट्यावर आणि जिथे काम करायचे त्या शेवटच्या जागी. दोन्ही पट्टे वेगळे मोजा.

नोंदींवरून काय समजावे?

वायरवरच वेग कमी असेल तर तक्रार लाइनच्या कंपनीकडे करा, नवा राउटर घेऊन उपयोग नाही. फक्त रात्री कमी होत असेल तरी लाइनवरची गर्दी हे कारण असू शकते. वायरवर चांगला, पण 6 फुटांवरही कमी असेल, तर मोबाइल जुना आहे का ते दुसऱ्या मोबाइलवर पाहा. दोन्हींवर कमी आला तर दोष राउटरचा. जवळ चांगला आणि लांब कमी असेल तर आधी राउटरची जागा बदलून पाहा, ते फुकटचे काम आहे. तरीही भागले नाही तर नेटवर्कची वायर ओढून तिकडे दुसरा राउटर लावावा. अशी वायर 100 मीटरपर्यंत चालते. उघड्यावरची वायर बाहेरच्या वापराची घ्यावी व पाइपातून न्यावी. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की दोन्ही टोकांची वायर आणि अडॅप्टर काढून ठेवावेत.

विकत घेताना

दोन्ही पट्टे असलेला राउटर घ्यावा. लाइन 100 एमबीपीएसपेक्षा जास्त असेल तर गिगाबिट पोर्ट हवेतच. कार्यालयात एकाच वेळी बरीच यंत्रे चालत असतील तर वाय-फाय 6 चा विचार करावा. चार मोबाइलच्या घराला त्याची निकड नाही. अडॅप्टरवर बीआयएसचे चिन्ह व 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

राउटर लावल्याच्या पहिल्याच दिवशी कंपनीचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 सुरक्षा चालू करा. दुकानातल्या गिऱ्हाइकांना वेगळे 'गेस्ट' जाळे द्या. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे कामकाज आहे, त्याच्या जाळ्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका.

तरी बंधूंनो, खरेदीला जाताना वहीतले आकडे सोबत न्या, आणि राउटर बदलून मिळण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. त्या मुदतीत हीच चाचणी नव्या राउटरवर, भर दुपारी 2 वाजता, पुन्हा घ्या. आकडे सुधारले तर ठेवा, नाहीतर बिनदिक्कत परत करा.