नाकाची शस्त्रक्रिया आणि जागें होतांनाची तळमळ

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या नाकांतील वांकडा पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां आम्ही त्याच्या मातोश्रींसह बाहेर बसलों होतों. त्यास खोलींत आणल्यावर तो शांत स्वभावाचा मुलगा एकाएकीं उठूं लागला, नाकांतील बोळे ओढूं लागला, आणि आईसही ओळखीना. "मास्तरांनू, माझ्या झिलाक ह्यां काय झालां?" असें म्हणून ती माउली रडूं लागली. थोड्या वेळानें तो निवळला. पुढें त्यास यांतलें कांहींच आठवलें नाहीं. आईच्या मनांतील भीति मात्र गेली नाहीं. म्हणून हा विषय आम्ही पालकांपुढें मांडीत आहों.

नाकाची शस्त्रक्रिया महाराष्ट्रास नवी नाहीं. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याजवळ एका कुशल कारागिरानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें. ही हकीकत लंडनच्या एका मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापली गेली. त्या वेळीं ईथर व क्लोरोफॉर्म यांचा शस्त्रक्रियेंत उपयोग होत नसे. ईथरचा प्रसिद्ध जाहीर प्रयोग बोस्टन येथें १८४६ सालीं झाला. भुलीमुळें शस्त्रक्रियेंतील यातना टळल्या. परंतु जागें होतांनाची तळमळ उरली.

तिचें कारण काय? मेंदू एकदम जागा होत नाहीं. शरीर हालूं लागतें, पण समज मागाहून येते. त्याच वेळीं जखम ठणकत असते आणि बोळ्यांमुळें नाकानें श्वास घेतां येत नाहीं. अर्धवट जागृत मनास वाटतें कीं, आपण गुदमरत आहों. तेव्हां तें झगडूं लागतें. १९६१ सालीं एकेनहॉफ व त्यांचे सहकारी यांनीं हें गुदमरणें कारण असावें, असें सुचविलें होतें.

यावर एक उपाय समजण्यास आपल्या धामापूरचा तलाव पाहावा. त्याचें पाणी पाटांनीं शेतांत जातें. पाटाचें तोंड बंद केलें, म्हणजे तलाव भरलेला असूनही शेत कोरडें राहतें. मज्जातंतु हे वेदनेचे पाट होत. पूर्ण भूल म्हणजे केवळ शेताच्या धन्यास झोपविणें. पाणी वाहतच असतें, आणि धनी जागा होतांच त्यास तें दिसतें. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा शेवटीं, रोगी भुलींत असतांनाच, डोळ्याखालील, नाकाच्या मुळाशीं असलेल्या व नाकाच्या मागील भागांतील मज्जातंतूंजवळ ब्युपिव्हाकेनसारखें बधिर करणारें औषध टोंचतात. त्याचा परिणाम कांहीं तास टिकतो. त्यायोगें वेदना व तळमळ दोन्ही कमी होतात, असें पाहण्यांत आलें आहे.

तथापि या उपायानें बोंळा नाहींसा होत नाहीं, व तळमळ प्रत्येक वेळीं टळेलच असेंही नाहीं. म्हणून पालकांनीं तीन गोष्टी कराव्या. नाक बंद असेल व तोंडानें श्वास घ्यावा लागेल, हें मुलास आधींच सांगून तसा सराव करवावा. पूर्वींच्या भुलीचा अनुभव व तंबाखूचें व्यसन असल्यास तें न लपवितां भूल देणाऱ्या डॉक्टरांस सांगावें. आणि मज्जातंतु बधिर करणार काय, हें निःसंकोच विचारावें.

त्या माउलीस हें कोणी आधीं सांगितलें असतें, तर ती रडण्याऐवजीं मुलाचा हात धरून, "तोंडान् श्वास घे रे बाबा," इतकेंच म्हणाली असती.