कॉम्प्युटर कुणाच्या खोलीत?

'जुनं ते सोनं' म्हणत आपण काय काय परत घरात आणलं बघा. कल्हई लावून पितळेची पातेली पुन्हा ओट्यावर आली, नॉनस्टिकला कंटाळून बिडाचे तवे आले, आजीच्या ठुशीसारखी ठुशी सोनाराकडून घडवून झाली. आता या यादीत आणखी एक पाहुणा दाखल झालाय. चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर! म्हणजे दिसायला अगदी तेव्हाचा, पण कारखान्यातून बाहेर पडलेला काल-परवाचा. त्या ठुशीसारखंच म्हणा ना, घडण जुनी आणि सोनं नवं!

इंग्लंड-अमेरिकेत या नव्या-जुन्या कॉम्प्युटरना बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. आपल्या गावात तो कुणी विकत घेईल असं नाही. पण हल्ली प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी परदेशात असतं, त्यामुळे तिकडचे प्रश्नही फिरत फिरत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिचे मिस्टर तिकडेच जन्मले, वाढले. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना असा कॉम्प्युटर द्यावा, असं तिच्या मनात आलं. मी आमच्या महिला मंडळात बायकांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणून 'ताईला त्यातलं कळतं' असा घरात समज! तिने फोन करून विचारलं, "ताई, घेऊ का गं? की पैसे पाण्यात जातील?"

उत्तर देण्याआधी हे प्रकरण मुळात काय आहे ते समजून घ्यायला हवं.

१९७०च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे बँका, विद्यापीठं, मोठे कारखाने यांचं काम. सामान्य माणसाच्या घरात तो परवडणारा नव्हताच. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० साली शंभर पौंडांच्या आत बसणारा कॉम्प्युटर बाजारात आणला आणि चित्र पालटलं. एप्रिल १९८२ मध्ये त्यांचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' आला. काळा, चपटा, रबरी बटणांचा. लहान मॉडेलची किंमत १२५ पौंड, मोठ्याची १७५. त्याला वेगळा पडदा नव्हता, घरातल्या टीव्हीलाच जोडायचा. प्रोग्रॅम साठवायचे ते साध्या कॅसेटवर, आपण गाणी भरून घ्यायचो ना, तसल्याच! टेप सुरू केला की कर्कश किरकिर ऐकू यायची आणि चार-पाच मिनिटांनी खेळ सुरू व्हायचा. त्याच वर्षी अमेरिकेत 'कमोडोर ६४' आला, ५९५ डॉलरला. पुढे त्याचा खप एक कोटीच्या वर गेला. त्याच सुमाराला बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवण्यासाठी टीव्हीवर मालिका केली आणि तिच्यासाठी एकॉर्न कंपनीकडून 'बीबीसी मायक्रो' बनवून घेतला.

हे सगळं परक्या देशातलं वाटतं, पण त्याची एक वाट आपल्याकडेही आली होती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेखाली निवडक शाळांमध्ये कॉम्प्युटर दिले, ते हेच बीबीसी मायक्रो. आणि ऐंशीच्याच दशकात डेसिबेल्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम इथे विकला. पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या इंजिनिअर भावोजींना विचारून बघा, चेहरा कसा खुलतो ते!

या यंत्रांची ताकद किती? मोठ्या स्पेक्ट्रमची स्मरणशक्ती ४८ किलोबाइट. आपण मोबाईलवर रांगोळीचा एक फोटो काढतो, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण एक गंमत होती. बटण दाबलं की समोर कोरी पाटी यायची. ना चित्रं, ना जाहिराती. तुम्ही काही लिहाल तेव्हा तो काहीतरी करणार. 'बेसिक' नावाच्या सोप्या भाषेत सूचना लिहायच्या. मासिकांत पानंच्या पानं प्रोग्रॅम छापून यायचे आणि मुलं ते ओळीने उतरवून काढायची. एक स्वल्पविराम चुकला की सगळं बसलं! लोकरीच्या विणकामाच्या नमुन्यात एक टाका चुकला की कशी पंचाईत होते, तसंच.

आता नवे अवतार. ते साधारण दोन प्रकारचे आहेत. पहिल्यात आत एक लहानशी चिप असते, मोबाईलमध्ये असते त्या जातीची, आणि एक प्रोग्रॅम तिच्याकडून जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करून घेतो. रेट्रो गेम्स या ब्रिटिश कंपनीने २०१८ मध्ये छोटा कमोडोर आणला, २०१९ मध्ये पूर्ण आकाराचा आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रबरी बटणांचा स्पेक्ट्रम. त्यात ४८ खेळ आधीच भरलेले आहेत, किंमत नव्वद पौंडांच्या आसपास, म्हणजे आपले दहा हजार रुपये सहज. दुसऱ्या प्रकारात 'एफपीजीए' नावाची चिप असते. तिच्या आतली जोडणी हवी तशी मांडता येते, त्यामुळे ती मुळातल्या सर्किटसारखीच वागते. हौशी लोकांना हा प्रकार जास्त अस्सल वाटतो, पण तो महागही असतो. २०२५ मध्ये 'कमोडोर ६४ अल्टिमेट' आला, तेव्हा त्याची किंमत साधारण तीनशे डॉलरपासून सुरू होत होती.

तिसरा मार्ग म्हणजे खराखुरा जुना कॉम्प्युटर शोधून घेणं. त्याच्या वाटेला मात्र नवख्याने जाऊ नये. बटणांखालचा पातळ पापुद्रा इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतो, आतले भाग दगा देतात. कमोडोरचा मूळ वीजपुरवठ्याचा डबा तर बिघडला की आतल्या चिपाही घेऊन जातो. दुरुस्ती येत असेल तरच ही हौस!

घेताना काय बघायचं? सगळ्यात आधी, की-बोर्ड खरा चालतो का? छोट्या कमोडोरची बटणं नुसती शोभेची आहेत, दाबली तरी काही होत नाही. बाहुलीच्या भातुकलीतला गॅसच तो! पूर्ण आकाराच्या कमोडोरवर आणि २०२४च्या स्पेक्ट्रमवर मात्र खरोखर लिहिता येतं. दुसरं म्हणजे, तो जोडायला घरात एचडीएमआयची सोय असलेला टीव्ही हवा. तिसरं, कुणी येताना आपल्याकडे आणणार असेल किंवा मागवणार असेल तर कस्टमचा खर्च आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, याचा विचार आधीच करावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खर्च करण्याआधी फुकट चाखून बघावं. घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर 'फ्यूज' किंवा 'व्हाइस' हे मोफत प्रोग्रॅम घातले की अनुक्रमे स्पेक्ट्रम आणि कमोडोर पडद्यावर उभे राहतात. दोन रविवार त्यावर घालवावेत. तिसऱ्या रविवारी आठवण झाली नाही, तर दहा हजार वाचले असं समजावं! मुलांना शिकवण्यासाठीच काही हवं असेल तर की-बोर्डमध्येच अख्खा कॉम्प्युटर असलेला 'रास्पबेरी पाय ४००' २०२० मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत सत्तर डॉलर होती. त्यावर मुलं आजच्या भाषा शिकतील. 'मुलांच्या अभ्यासाला होईल' असं सांगून स्वतःसाठी खेळणं आणणारे बाबा काही थोडे नाहीत!

इथवरचा हिशोब पैशांचा झाला. पण मावसबहिणीशी बोलताना वेगळीच गोष्ट निघाली.

तिच्या सासऱ्यांनी १९८४ च्या दिवाळीत स्पेक्ट्रम आणला होता, 'दोन्ही मुलांसाठी'. ठेवला मात्र मुलाच्या खोलीत, कारण तिथे छोटा टीव्ही होता. तिची नणंद थोरली, चौदा वर्षांची, गणितात हुशार. वन्सं मासिकातले प्रोग्रॅम वहीत उतरवून ठेवायच्या आणि शनिवारी भाऊ क्रिकेटला गेला की धावत जाऊन टाइप करायच्या. तो परत आला की उठायचं. घरात कुणी त्यांना 'तू हात लावू नकोस' म्हटलं नव्हतं. तरी दोन-तीन वर्षांत त्यांनी तो नाद सोडला आणि फार्मसीला गेल्या. बहिणीने भेटीचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आठवणीत तो कॉम्प्युटर म्हणजे याच्या खोलीचं बंद दार!"

हे ऐकून मी जरा वाचायला घेतलं. वन्संसारख्या पुष्कळजणी निघाल्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत जवळजवळ ३७ टक्के मुली होत्या. त्यानंतर हे प्रमाण घसरत गेलं आणि २०१० च्या आसपास १८ टक्क्यांवर आलं. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी नव्वदच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलून २००२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात हेच आढळतं, की घरातला कॉम्प्युटर बहुधा मुलाच्या खोलीत असे, वडील त्याच्याशेजारी बसत आणि मुलगी दारातून बघे. कॉलेजात पहिल्या दिवशी मुलगे सराईत आणि मुली नवख्या! जाहिरातींतही मुलगेच जास्त दिसत. सगळं खापर या यंत्रांवर फोडता येणार नाही, पण घरातल्या मांडणीचा वाटा होताच.

आणि गंमत बघा, ही यंत्रं जोडली होती बायकांच्या हातांनी! स्पेक्ट्रमची जुळणी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात टायमेक्सच्या कारखान्यात व्हायची आणि तिथल्या कामगारांत बहुसंख्य बायका होत्या. हा कारखाना १९९३ मध्ये मोठ्या संपानंतर बंद पडला. बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा लिहिली सोफी विल्सन यांनी. पुढे 'आर्म' चिपची आज्ञावलीही त्यांनीच रचली. त्या पहिल्या चिपची वंशावळ आज आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये आहे. १९८२ चा 'द हॉबिट' हा स्पेक्ट्रमवर गाजलेला खेळ लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होती मेलबर्नची विद्यार्थिनी व्हेरोनिका मेगलर. कारखान्यात बाई, चिपमागे बाई, खेळामागे बाई. घरात मात्र तो 'मुलाचा कॉम्प्युटर'!

म्हणून मी बहिणीला सांगितलं, "घे. पण खरी बटणं असलेलाच घे, भेट दोघा भावंडांच्या नावाने दे आणि बैठकीच्या खोलीत मांड." तिने स्पेक्ट्रम घेतला. मिस्टर तासभर खेळले आणि दमले. वन्संनी मात्र आठवून आठवून दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि तेरा वर्षांच्या भाचीला तो ओळीगणिक समजावला. दुसऱ्या दिवशी भाचीने त्यात स्वतःच्या दोन ओळी घातल्या. पैसे वसूल झाले म्हणायचे!

तेव्हा घ्यावा की नाही? ज्याच्याशी घरातल्या कुणाची तरी आठवण जोडलेली आहे त्याने जरूर घ्यावा, ऐपत असेल तर. नुसतं कपाटात मांडायला असेल तर घेऊ नये. अभ्यासाच्या नावाखाली तर मुळीच घेऊ नये, त्यासाठी फुकटचे आणि स्वस्तातले चांगले मार्ग आहेत.

पण मैत्रिणींनो, आपल्याला यातून उचलण्यासारखं आहे ते वेगळंच. मंडळाच्या कामासाठी मी घरोघरी जाते. आजही अनेक घरांत लॅपटॉप दादाच्या टेबलावर असतो आणि ताईला आईचा मोबाईल मिळतो, तोही स्वयंपाक आवरल्यावर. आपल्यापैकी कित्येकींनी २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गात पहिल्यांदा माउस हातात धरला, तोही 'या वयात कशाला' हे ऐकून. आपल्या मुलींना तेवढी वाट बघायला लागू नये. घरात जुना, नवा, कुठलाही कॉम्प्युटर येऊ दे, तो बैठकीत ठेवा, वेळ वाटून द्या आणि मुलीच्या वाट्याच्या तासात तिला भाजी निवडायला हाक मारू नका. भाजी थोड्या वेळाने निवडली तरी चालते!